खालच्या आजींचं शहर

सिंगापुरात दोन मराठी कुटुंबं भेटली की पहिल्या चहालाच जागेचा विषय निघतो. भाडं किती, लीज कधी संपतेय, बेडोकला स्वस्त पडतं का, पीआरचं, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचं, काय झालं. आम्हीही त्यातलेच. पण गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरी ज्या जागेचा निर्णय अडला होता, ती आमच्या क्वीन्सटाउनमधली नव्हती. ती पोलंडमध्ये, ओद्रा नदीच्या काठच्या व्रोत्सवाफ नावाच्या जुन्या शहरात, एका दफनभूमीत होती. लांबीला माझ्या हाताएवढी. तिथे आमची पहिली मुलगी आहे. तिकडे अशा जागेची मुदत वीस वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. नाही वाढवली तर जागा दुसऱ्या कुणाला देतात. वाढवायची की सोडून द्यायची, एवढाच प्रश्न होता. मी सोडून द्यावी म्हणत होते आणि नवरा काहीच म्हणत नव्हता.

हे आधीच सांगून टाकलं, कारण गोष्ट ताणून ताणून शेवटी डोळ्यांतून पाणी काढणारी माणसं मला आवडत नाहीत.

लग्नानंतर लगेच आम्ही त्या शहरात गेलो होतो. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं होतं आणि मला घरी बसायचं. पुण्यातली बरी नोकरी सोडून मी आले होते, भाषेचं एक अक्षर येत नव्हतं, आणि दुपारी चारला अंधार पडायचा. त्यामुळे पहिले काही महिने मी त्या शहरावर रागावूनच होते. नवरा कामावर गेला की बूट घालायचे आणि राग उतरेपर्यंत चालायचे.

रागाने चालायला ते गाव चांगलं होतं. नदी तिथे एका धारेने सरळ जात नाही. तिला फाटे फुटतात, मधे बेटं राहतात, आणि सगळीकडे पूल. पुणेकराला पूल म्हणजे पलीकडच्या पेठेत जायची सोय. तिथे पूल ओलांडावा तर समोर आणखी एक पूल. जुन्या चर्चच्या बेटावर अजून गॅसचे दिवे होते. संध्याकाळी काळा झगा घातलेला एक माणूस लांब काठी घेऊन यायचा आणि एकेक दिवा लावत जायचा. चौकात गुडघ्यापर्यंतही न येणारे ब्राँझचे बुटके तेव्हा नुकतेच बसवायला लागले होते. एक ओझं ढकलतोय, दुसरा झोपलाय. एवढ्या गंभीर चेहऱ्याच्या लोकांना हा पोरखेळ कुणी सुचवला असेल, असं मला वाटायचं.

आमचं घर नदीपलीकडच्या, महायुद्धातून वाचलेल्या वस्तीत होतं. चार मजली इमारत, उंच छत, कोपऱ्यात फरशांनी मढवलेली शेगडी. न्हाणीघरातल्या जुन्या नळांवर गरम आणि थंड असं जर्मन भाषेत लिहिलेलं होतं. समोरच्या दुकानाचा गिलावा पडला होता आणि त्याखालून जर्मन पाटी डोकावायची. पोलंडमध्ये आलोय तर ही जर्मन अक्षरं कुठून आली, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पूर्वी जर्मनांचं होतं." शास्त्रज्ञ माणसं इतिहास अशीच एका ओळीत संपवतात.

बाकीचा इतिहास मला तळमजल्यावरच्या बाईंकडून कळला. त्यांची ओळख दिवाळीत झाली, आणि ती माझ्या एका मूर्खपणामुळे झाली.

ऑक्टोबर संपत आला तसा बाजारात शेवंतीचा नुसता पूर आला. पिवळी, पांढरी, किरमिजी, कुंड्याच्या कुंड्या. सोबत झाकणवाले काचेचे दिवे, लाल नि पिवळे, वाऱ्याने न विझणारे. मला वाटलं, देव पावला. परक्या मुलखात ऐन दिवाळीत शेवंती आणि दिवे! दोन फेऱ्या मारून मी जेवढं पेलवेल तेवढं आणलं. दाराच्या दोन्ही बाजूंना कुंड्या, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक दिवा, खिडकीत ओळीने दिवे. रांगोळी काढली, साडी नेसले आणि लक्ष्मीपूजनाला नवऱ्याची वाट बघत बसले.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढताना आमच्या दारापुढे थांबले, टोपी काढली, मान खाली घातली आणि पाय न वाजवता वर गेले. मी म्हटलं, काय शिष्टाचार आहेत लोकांचे! मग शेजारची बाई आली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन काहीतरी पुटपुटली. मी हसून तिला चकली दिली. ती चकली हातात धरून तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दुःखाने या पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. शेवटी तळमजल्यावरच्या बाई आल्या. साठी उलटलेल्या, काळा स्वेटर, हातात केकची ताटली. त्या गुपचूप खुर्चीत बसून राहिल्या आणि नवरा आल्यावर त्याला त्यांनी हळूच विचारलं, तुमचं कोण गेलं?

शेवंती तिकडे थडग्यावर वाहतात. दिवेही तिथलेच. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव दफनभूमीत जातं आणि आपापल्या माणसांपाशी दिवे लावतं, त्याची ती बाजारातली गर्दी होती. मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराची समाधी करून ठेवली होती. नवऱ्याने मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये खुलासा केला तेव्हा त्या बाई पोट धरून हसल्या. मी दिवे उचलायला लागले तर म्हणाल्या, राहू देत, हा जिना आज पहिल्यांदाच नीट दिसतोय. त्या दिवसापासून त्या आमच्या खालच्या आजी झाल्या.

आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी पोलिश शिकले, आणि त्यांचं शहरही. अर्धं शब्दांनी, अर्धं हातवाऱ्यांनी. त्या शहरावर आधी पोलिश राजे होते, मग झेक, मग ऑस्ट्रियाचे बादशहा, मग प्रशिया, मग जर्मनी. तेव्हा त्याचं नाव ब्रेस्लाउ होतं. प्रत्येकाने एखादं चर्च, एखादा पूल, एखादी भिंत ठेवून दिली. महायुद्ध संपलं तसा पोलंडचा नकाशाच उचलून पश्चिमेला सरकवला गेला. इथल्या जर्मनांना जर्मनीत पाठवलं. आणि पूर्वेकडची पोलिश गावं रशियाच्या घशात गेली, तिथली माणसं मालगाडीत बसवून इथे आणली. फाळणी म्हटलं की आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण इथे शहरच्या शहर रिकामं झालं आणि नव्या माणसांनी भरलं. विद्यापीठातले प्राध्यापक, ग्रंथालयातली पुस्तकं, मुख्य चौकातला पुतळासुद्धा पूर्वेच्या ल्वुफ शहरातून आणलेला. ब्राँझच्या माणसालाही बिऱ्हाड हलवावं लागलं.

आजी तेव्हा शाळेत जायच्या वयाच्या होत्या. आई, बाप, शिवणयंत्र आणि एक गाय एवढ्यांसह त्या ल्वुफहून आल्या. गाय कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तिला कुणाच्या भरवशावर ठेवणार? जे घर मिळालं, ते हेच. त्यात मालकीण अजून राहत होती. एक जर्मन बाई, एकटी. काही महिने दोन्ही कुटुंबं एकाच स्वयंपाकघरात जेवली. भाषा येत नव्हती, मनात राग दोन्हीकडे होता, तरी शेगडी धुरकटू नये म्हणून काय करायचं ते त्या बाईने आजींच्या आईला शिकवलं. तिच्या मिठासाखरेचे जर्मन अक्षरांचे डबे आजींकडे अजून होते आणि त्या साखरेच्या डब्यात मीठ ठेवायच्या. मी दोनदा फसले.

त्या बाईची जायची वेळ आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. तिचा लहान मुलगा जवळच्या दफनभूमीत होता. त्याच्याकडे अधूनमधून बघा, एवढंच. आजींच्या आईने हो म्हटलं, आणि ती असेपर्यंत दर वर्षी आजींना घेऊन तिथे जाऊन दिवा लावला. पुढे सरकारने जर्मनांच्या दफनभूम्या उठवल्या. दगड भिंतींना, बांधांना कामी आले. एका वर्षी आजी दिवा घेऊन गेल्या तर तिथे सपाट मैदान होतं आणि झाडांची रोपं लावली होती. दिवा कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून तो घेऊन त्या घरी आल्या. हे सांगताना त्या बटाटे सोलत होत्या आणि सोलायच्या थांबल्या नाहीत.

त्यांच्या आईने कित्येक वर्षं चांगल्या बशा गाठोड्यातून बाहेर काढल्या नव्हत्या. जर्मन परत येतील, पुन्हा उठावं लागेल, अशी सगळ्या गावालाच धास्ती. भिंतींना रंग कोण देणार, झाडं कोण लावणार? नदीला मोठा पूर आला तेव्हा रात्रंदिवस वाळूची पोती भरून लोकांनी चर्चचं बेट आणि ग्रंथालय वाचवलं. त्यानंतर मी 'आमचं गाव' म्हणायला लागले, असं आजी म्हणायच्या. म्हणजे म्हातारपण आलं तेव्हा. त्यांचं ते न उलगडलेलं गाठोडं मला सिंगापुरात आल्यावर जास्त कळलं. नोकरी असेपर्यंतच्या एम्प्लॉयमेंट पासवर राहणारी माणसं चांगलं कपाट विकत घेत नाहीत.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. मुलगी झाली, वेळेच्या बरीच आधी, आणि बारशापर्यंत टिकली नाही. आई फोनवर होती. ती म्हणाली, एवढ्याशा लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, आणि ठेवलं की मागे वळून बघत नाहीत. तू जाऊ नकोस. मी गेले नाही. मी हॉस्पिटलात भिंतीकडे तोंड करून पडून होते. नवरा आणि आजी गेले. कचेऱ्यांमधलं जे काही करायचं ते दोघांनी केलं. जमीन थंडीने गोठलेली होती, एवढंच नवऱ्याने मला सांगितलं. पुढे उन्हाळ्यात त्याचा करार संपला आणि आम्ही सिंगापूरला आलो. मी तिथे कधीच गेले नाही. आईने सांगितलं म्हणून नव्हे. मला जायचं नव्हतं. फार दुखत होतं आणि दुखत्या जागी हात लावायचा माझा स्वभाव नाही.

इथे आल्यावर नवरा वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत लागला. मलाही नोकरी मिळाली. मुलगा झाला, तो आता दहावीच्या वयाचा आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला 'कॅन, लाह' असं सिंगापुरी इंग्रजीत उत्तर देतो. त्याला आधीचं काही सांगितलेलं नव्हतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आजींचा फोन यायचा. नवरा तो घेऊन कॉरिडॉरमध्ये जायचा आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणायचा, "दिवा लावला म्हणाल्या." मी बरं म्हणायचे. आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं व्हायचं.

या खेपेला त्यांचा फोन लवकर आला. आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे गेल्यात. जिना नसला तरी घर झेपत नाही, म्हणून त्यांची लेक त्यांना समुद्राकाठच्या तिच्या गावी नेणार होती. मुदतीचीही वेळ आली होती. काय करायचं ते कळवा, म्हणाल्या. मी इथे असेपर्यंत बघितलं, आता तिथे येणारं कुणी नाही.

नवऱ्याने मला हे भांडी घासताना सांगितलं आणि भांडी घासत राहिला. मी मिरजेला आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, इतकी वर्षं ठेवलं तेच जास्त झालं. आपल्यात कुठे असं थडगं राखतात? जीव केव्हाच पुढे गेला. सोडा आता." मला ते पटलं. बघणारं कुणी नसताना नुसती मुदत वाढवायची, तर कुणासाठी?

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या चिनी बाईला मी जेवताना सहज विचारलं. सिंगापुरात जमीन कमी, त्यामुळे मेलेल्यांनाही मुदत असते, हे तिला चांगलं ठाऊक. तिच्या आजोबांची दफनभूमी रस्त्यासाठी उठवली तेव्हा ती लहान होती. पहाटे सगळं घर गेलं. खणणारा माणूस एकेक हाड वर द्यायचा आणि काकांनी त्यावर छत्री धरली होती. "मस्ट कव्हर, लाह. सन कॅनॉट सी," ती म्हणाली आणि नूडल्स खाऊ लागली. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, वाईट कशाला, हलवलं ना आम्ही, टाकून नाही दिलं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "सोडून देऊ या. तुला काय वाटतं ते एकदा बोल तरी."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला. वीस वर्षांच्या संसारात 'तू म्हणशील तसं' हे वाक्य जितक्या भांडणांचं मूळ आहे, तितकं दुसरं कुठलंही नसेल. मी म्हटलं, "ठीक आहे. मग कळवून टाक, सोडतोय म्हणून." तो हो म्हणाला. पण त्याने कळवलं नाही. मी रोज विचारायचे आणि तो रोज उद्या करतो म्हणायचा.

मग एका शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन वाजला. तो अंघोळीला गेला होता. आजींचा चेहरा दिसला म्हणून मी फोन घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना फोनवर क्वचितच पाहिलं होतं. त्या फारच लहानखुऱ्या दिसायला लागल्या होत्या. मागची फडताळं रिकामी होती आणि भिंतीला खोके लावून ठेवले होते. माझं पोलिश आता भाजीबाजारापुरतंच उरलंय, पण आजी माझ्याशी नेहमी सावकाश बोलतात. मुलगा कसा आहे, तिकडे अजून गरमच का, आईची तब्येत कशी. मग म्हणाल्या, परवा निघायचं आहे, उद्या शेवटची तिकडे जाणार आहे. तुमचं काय ठरलं? मी तिला काय सांगू?

'तिला' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'बाळाला' असंही नाही. त्यांनी एक नाव घेतलं. साधं मराठी नाव, आमच्या पिढीत एका वर्गात दोघी-तिघी असायच्या तसलं. ते त्यांच्या तोंडून जरा वेगळं ऐकू आलं, पण अडखळत नव्हतं. खूप वर्षं, खूप वेळा घेतलेलं नाव जसं सहज येतं तसं ते आलं.

मी म्हटलं, थोड्या वेळाने फोन करते. पोलिशमध्ये ते नीट जमलं की नाही, देव जाणे.

नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. माझ्या हातात त्याचा फोन बघून तो तिथेच थांबला.

"तिला नाव आहे?" मी विचारलं.

तो खुर्चीवर बसला. "कचेरीत विचारलं," तो म्हणाला. "जन्माची नोंद करायची तर नाव सांगा म्हणाले. मी म्हटलं, आमच्यात अजून ठेवलेलं नाही. तर नावाशिवाय होणार नाही म्हणाले. आजी शेजारी उभ्या होत्या. मग मी सांगितलं."

"कुणाच्या नावावरनं?"

"कुणाच्याच नाही. उभ्या उभ्या जे मनात आलं ते."

"आणि मला?"

"तू भिंतीकडे तोंड करून होतीस. म्हटलं, बरी झालीस की सांगू. मग इकडे आलो. मग कसं सांगायचं तेच कळेना." त्याने टॉवेलची घडी केली, पुन्हा मोडली. "मी फोनवर आजींशी तिच्याबद्दलच बोलायचो. दुसऱ्या कुणाशी बोलणार?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, आणि विलक्षण मत्सर वाटला. एवढी वर्षं माझ्या मुलीला नाव होतं, एक म्हातारी बाई ते घेऊन तिच्याशी बोलत होती, आणि ते फक्त मला माहीत नव्हतं. सोडून देऊ या असं मी जे म्हणत होते, ते एका जागेबद्दल म्हणत होते. नाव असलेल्या पोरीबद्दल मी ते कधीच म्हटलं नसतं.

"मुदत वाढव," मी म्हटलं. "आजच कळव. आणि या डिसेंबरात आपण तिघं जाऊ."

"आई काय म्हणतील?"

"आईला मी बघते."

मग मी ते नाव घेतलं. मोठ्यानेच घेतलं, कारण कसं वाटतं ते मला ऐकायचं होतं. दुसऱ्यांदाही घेतलं. तेवढ्यात मुलगा कानातले इअरफोन काढत त्याच्या खोलीतून बाहेर आला. त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं. बाप डोळे पुसत होता, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असणार.

"हू इज दॅट, आई?" त्याने विचारलं.

"तुझी ताई," मी म्हटलं.